टेलिस्कोप नंतर घे, आधी माळवदावर चढ

भावा, एवढ्यात टेलिस्कोप घेऊ नको. स्वस्तातल्याचा स्टँड इतका हलतो की शनी दिसायच्या आधीच कंटाळा येतो, माझं तेच झालं. आधी १० बाय ५० ची बायनॉक्युलर घे, म्हणजे १० पट मोठं दिसतं अन् पुढची काच ५० मिलिमीटरची, गुरूचे चार चंद्र त्यातबी दिसतेत, फक्त कोपर कठड्यावर टेकव. स्पेस स्टेशन तर नुसत्या डोळ्यानं दिसतं, लुकलुकलं तर ते विमान, न लुकलुकता चार-पाच मिनिटांत आभाळ पार करणारा ठिपका म्हणजे स्टेशन, ४०० किलोमीटर वर! मधेच गायब झालं तर समज पृथ्वीच्या सावलीत गेलं. अन् देवयानी दीर्घिका (अँड्रोमेडा, आपल्या आकाशगंगेसारखाच लांबचा ताऱ्यांचा समूह) बघायचीच असली तर लातूरच्या लाईटीत जमायचं नाही, अमावास्येला औश्याकडं कुणाच्या तरी रानात जा.