सातबारा शेठच्या नावावर, नांगर आपला

"ताई, शेठ म्हणताहेत गाडी तूच घेऊन टाक. हप्ता भाड्यातून कापून घेऊ. घेऊ का?"

वर्षातून तीन-चार वेळा तरी हा प्रश्न माझ्यासमोर येऊन बसतो. मी समुपदेशक. माझी खोली नाशिकच्या पंचवटीत, आडगाव नाक्यापासून जवळ, त्यामुळे ट्रकवाल्यांच्या घरची माणसं बरीच येतात. येतात ती दारू, संशय, नवरा दहा-दहा दिवस घरी नसतो असल्या तक्रारी घेऊन. थोडं खणलं की खाली कुठेतरी गाडीचा हप्ता सापडतो. मी काही सीए नाही. गाड्यांमधलं जे कळतं ते दिरांमुळे, त्यांनी बावीस वर्षं आग्रा रोडवर गाडी मारली.

यावेळी विचारणारा मुलगा निफाड तालुक्यातला, चोवीस वर्षांचा. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) हेवी लायसन्स मिळून जेमतेम दहा महिने झालेले. अंबडच्या एका ट्रान्सपोर्टमध्ये दहाचाकीवर ड्रायव्हर, पगार १८ हजार, वर भत्ता. सोबत आई. तिने पिशवीतून पासबुक काढलं आणि त्यात घडी घालून ठेवलेला करार टेबलावर पसरला. ५०० रुपयांचा स्टॅम्प, मागे अकरा पानं. सही अजून व्हायची होती, हे नशीब. बहुतेक जण सही झाल्यावर येतात.

गाडी पाच वर्षं जुनी. शेठने किंमत धरली १८ लाख. त्यातले २ लाख आधी भरायचे, म्हणजे आईच्या पाटल्या. उरलेल्यासाठी दरमहा ५२ हजार, ४२ महिने. मी मोबाइलवर गुणाकार केला : २१ लाख ८४ हजार. पाटल्या धरून २३ लाख ८४ हजार. मुलाने हे कधी एकत्र केलंच नव्हतं. त्याच्या डोक्यात फक्त "बावन्न" होतं. आडगाव नाक्यावरच्या दोन दलालांना तशाच गाडीचा भाव विचारून ये म्हटलं. दोघांनी पंधराच्या आतला आकडा सांगितला.

पुढच्या खेपेला त्याला एका जुन्या बिल्टीच्या (मालाच्या पावतीच्या) पाठीवर महिन्याचा हिशेब मांडायला लावला. आकडे त्याचेच, मी फक्त "आणि?" म्हणत होते. चांगला महिना धर, भाडं २ लाख ९० हजार. गाडी सहा हजार किलोमीटर पळाली, लिटरला चारचं ॲव्हरेज, डिझेल ९० रुपये : १ लाख ३५ हजार. टोल २५ हजार. भाडं मिळवून देण्याचं शेठचं दहा टक्के कमिशन, २९ हजार. हप्ता ५२ हजार. इथे तो थांबला आणि खुशीत म्हणाला, "एकोणपन्नास राहतात ना ताई."

"आणि टायर?"

दहा टायर, एक वीस हजारांचा, सत्तर हजार किलोमीटरला बदलायचे. महिन्याला १७ हजार. इन्शुरन्स, टॅक्स, पासिंग (आरटीओची तपासणी) मिळून ७ हजार. या वजनाच्या गाडीचा नुसता थर्ड पार्टीच वर्षाला ४४ हजारांच्या घरात जातो. ऑइल, धूर कमी करायला गाडीत घालायचं युरिया, ग्रीस, पंक्चर ८ हजार. खाली राहिले १७ हजार. चांगल्या महिन्यात. क्लीनर न ठेवता.

तो बिल्टीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "आत्ता अठरा मिळतात."

मला आकड्यांपेक्षा कराराचं सातवं पान जास्त खुपत होतं. शेवटचा हप्ता फिटेपर्यंत आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र, शेठच्याच नावावर. बाहेरचं भाडं उचलायचं नाही. दुरुस्ती शेठच्याच गॅरेजला. सलग दोन हप्ते चुकले तर गाडी परत, भरलेले पैसे बुडाले. वर सही केलेले दोन कोरे चेक. चेक वटला नाही तर कलम १३८ लागतं, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हे त्याला माहीतच नव्हतं. त्याला वाटलं होतं, चेक म्हणजे नुसता विश्वास.

आता गंमत बघा. हप्ता ज्याला द्यायचा, भाडंही त्याच्याच हातात. उद्या शेठने आठ दिवस गाडीला भाडं दिलं नाही तर हप्ता चुकणार कुणामुळे? आणि चुकला तर फायदा कुणाचा? शेठ लबाडच असेल असं मी म्हणत नाही. त्याच्या धंद्यातही चढउतार असतात. पण मंदी आली की तिचा भार पहिल्यांदा कुणावर जायचा, हे या कागदाने आधीच ठरवून ठेवलं होतं. अमेरिकेत हाच प्रकार लीज-परचेस नावाने चालतो. तिथल्या सरकारने नेमलेल्या कृतीगटाने जानेवारी २०२५ मध्ये अहवाल दिला, त्यात दुरुस्त्या सुचवण्यावर न थांबता हा प्रकारच बंद करा अशी शिफारस आहे.

हे सगळं मी समजावत होते तेव्हा आई गप्प होती. आरसीचा विषय निघाला तशी मात्र पुढे सरकली.

"म्हणजे सातबारा शेठच्या नावावर आणि नांगरायचं आम्ही?"

अगदी तेच. शेतकरी घरात हे एका वाक्यात कळतं. बँकेचं कर्ज काढून गाडी घेतली तर आरसी आपल्या नावावर येते आणि तिच्यावर बँकेचा बोजा चढतो, सातबाऱ्यावर सोसायटीचा चढतो तसा. फेडलं की एनओसी घेऊन आरटीओत बोजा उतरवायचा. इथे बोजा अंगावर होता, सातबारा नव्हता.

मग मी विचारलं, "पण काकू, घाई कसली आहे?"

यावर दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. खरी गोष्ट तिथे होती. तीन स्थळं मोडली होती. ड्रायव्हर म्हटलं की मुलीकडचे चहा घेऊन उठतात. मध्यस्थाने सांगितलं होतं, बायोडाटावर "स्वतःची गाडी" लिहा, मग बघा. त्यात शेठचा आग्रह, की २०२७ चा सिंहस्थ येतोय, रस्ते, पूल, घाट, खडी-सिमेंटला गाड्या पुरणार नाहीत, आत्ता मालक हो. मुलाला ट्रक हवा होता का? थोडाफार. त्याला "ड्रायव्हर" हा शब्द पुसून हवा होता. त्यासाठी ४२ महिने ही फार महाग किंमत होती, असं मी त्याला तोंडावर सांगितलं. समुपदेशकाने निर्णय देऊ नये म्हणतात. मी कधीकधी देते.

नोकरी सोडून मालक झाल्यावर आणखी एक गोष्ट जाणार होती. २१ हजारांच्या आतला पगार असल्यामुळे त्याला ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा, लागू होतं, आणि आईच्या गुडघ्यांचे उपचार सातपूरच्या ईएसआय रुग्णालयात चालू होते. हे दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं.

कुणीच गाडी घेऊ नये असं माझं मत नाही. दिरांनी घेतली, पण नवव्या वर्षी. तोवर पिंपळगावच्या दोन व्यापाऱ्यांचं भाडं त्यांचं स्वतःचं होतं, सहा महिन्यांचे हप्ते बाजूला होते आणि गिअरबॉक्सचा आवाज बदलला की गाडी उभी करायची एवढी अक्कल आली होती. तरीही डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यातबंदी झाली आणि नव्या वर्षाच्या पहिल्याच दिवशी हिट अँड रनच्या कायद्याविरुद्ध चालकांनी गाड्या उभ्या केल्या, तेव्हा ते घरी बसून रोज हप्त्याची तारीख मोजत होते. पहिल्या वर्षातला पोरगा हे कशाच्या जोरावर झेलणार?

मुलाला मी शेठकडे दोनच गोष्टी मागायला सांगितल्या. आरसी माझ्या नावावर करून तुमचा बोजा चढवा. आणि चार दिवस तुमच्याकडे भाडं नसेल तर मला बाहेरचं उचलू द्या. शेठ हसले म्हणे. "तू कधीपासून वकील झाला रे?" पंधरा दिवसांत ती गाडी दुसऱ्या ड्रायव्हरने घेतली. त्या रात्री मुलाने मला फोन केला, आवाज पडलेला. हातची संधी गेली असंच त्याला वाटत होतं, आणि मीही त्याची समजूत काढत बसले नाही.

नोकरी मात्र टिकली. एक वही घाल म्हटलं होतं, ती त्याने घातली. परवा दाखवायला घेऊन आला. डिझेल, टोल, वाराई (माल चढवण्या-उतरवण्याची मजुरी), पोलिसांचं चहापाणी, सगळं तारखेनिशी. मधेमधे लाल पेनाने नुसतं "उभी" लिहिलेलं : भिवंडी २ दिवस उभी, सिन्नर ३ दिवस उभी. चार महिन्यांत असे एकोणतीस दिवस. आईने बायोडाटावर काय लिहिलं ते मी विचारलं नाही. तो बँकेच्या कर्जाचं विचारत होता, सिबिल किती लागतं वगैरे. मी म्हटलं, पावसाळा संपू दे, वही पुरी होऊ दे, मग दिरांकडे बसू.