गूळपाण्याचा हिशेब

प्रिय सोनू,

रात्रीचा दीड वाजलाय. वॉच, म्हणजे पहाऱ्याची पाळी, माझी आहे. वारा मागून, बोट पाळण्यासारखी दोन्ही अंगांना डोलतेय, आणि खाली तू कापडी आडोशाला पाठ लावून झोपली आहेस. कॅनरी बेटांवरचं लास पाल्मास सोडून तेरा दिवस झाले. अटलांटिकपलीकडचं सेंट लुशिया बेट अजून हजारभर सागरी मैल आहे. तुझ्या दुपारच्या प्रश्नाचं उत्तर तेव्हा देता आलं नाही, म्हणून लिहितेय.

वॉच संपवून बाबा खाली आला, मी त्याच्या हातात अर्धं फुलपात्र पाणी आणि गुळाचा खडा दिला. तुझ्यापुढे धरलं तर म्हणालीस, "मला तहान नाही. आणि आई, आपण काय पाहुणे आहोत का?" मग लॉगबुकाच्या मागच्या पानावर मांडलंस: दिवसाला सहा वेळा, शंभर मिलिलिटर, सगळ्या प्रवासाचे २१ दिवस. साडेबारा लिटर. "तिघांचं एका दिवसाचं पाणी!"

हिशेब चोख आहे, म्हणूनच मला लागला. टाकीत चारशे लिटर, माणशी दिवसाला चार, हा नियम माझाच. भांडी समुद्राच्या पाण्यात, शेवटी मगभर गोडं पाणी. केस धुवायचं तर नावच नाही. तुला थेंबाथेंबासाठी बोलणारी मीच, आणि न मागता पाणी पुढे करणारीही मीच.

आमच्या माणदेशात सह्याद्री ओलांडून उरलासुरला पाऊस येतो. एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर, आणि आमच्याकडे पाचशेच्या आतबाहेर. उन्हाळ्यात चार-चार दिवसांनी टँकर यायचा आणि आडात पाणी सोडायचा. मग कठड्याभोवती बायापोरींची झुंबड, दोरांचा गुंता, वर येणारं पाणी गढूळ. अक्का ते फडक्यानं गाळायची, तुरटी फिरवायची. माझ्या हंड्यातून चूळभर सांडलं तरी ती दिवसभर बोलायची. आणि हीच अक्का, दारात कोणीही येवो, वसुलीला आलेला असो की नुसता रस्ता विचारणारा, तांब्या आणि गूळ घेऊन पुढे. "आधी पानी, मग इचार." १९७२च्या दुष्काळात खडी फोडून, सुकडीवर पोरं जगवलेली बाई ती. पण तांब्या भरताना तिचा हात कधी आखडला नाही.

तात्या तर घरचेच ना? तरी शेतातून आले की उंबऱ्यावर बसायचे. खडा दाढेखाली धरायचे, तांब्या उंच करून घटाघटा प्यायचे. त्यांच्या गळ्याची घाटी वरखाली होताना मी बघत बसायची. तांब्या खाली ठेवेपर्यंत घरात कोणी बोलायचं नाही. मोटर जळली, सोसायटीचा माणूस येऊन गेला, सगळं त्यानंतर. बाबा खाली येतो तेव्हा त्याच्या पापण्यांवर मीठ असतं. शिडाचा दोर घासून झिजला असेल तर तेही मी गूळपाणी झाल्यावरच सांगते. हे मी ठरवून करत नव्हते, तू विचारलंस म्हणून लक्षात आलं.

पण अर्धंच सांगितलं तर खोटं होईल. आमच्या दारात सगळ्यांना तांब्या मिळत नव्हता. काहींनी ओंजळ धरायची आणि वरून आम्ही धार सोडायची. नऊ वर्षांची असताना माझ्या वर्गातली एक मुलगी आईबरोबर खुरपणीचे पैसे न्यायला आली होती. मी धार सोडली. ती माझ्याकडे बघत नव्हती, धारेकडे बघत होती. दुसऱ्या दिवशी आम्ही एकाच बाकावर बसलो आणि दोघीही त्यावर काही बोललो नाही. अक्कावर माझा जीव होता, अजून आहे. तरी ते पाणी आठवलं की पोटात खड्डा पडतो. आणि अक्का स्वतः आडावरून दोन हंडे घेऊन यायची, तेव्हा तिच्या हातात कोणी तांब्या दिलेला मला आठवत नाही. मीही दिला नाही.

तेव्हा ही आपली थोर रीत आहे, ती पाळ, असं मी म्हणत नाही. सवय माझी आहे. तुला ओझं वाटत असेल तर उद्यापासून विचारून देईन. (विचारून दिलेलं पाणी अक्काला पटलं नसतं, पण ते माझं मी बघेन.)

एक मात्र सांगते. परवा पहाटे सर आली आणि बूमवरून, शिडाखालच्या आडव्या दांडीवरून, पाणी गळायला लागलं. पहिलं पाणी तू वाहू दिलंस, बोट लावून चव पाहिलीस, खारटपणा गेल्यावरच बादली धरलीस. पत्र्याच्या पागोळ्यांखाली आम्हीही असंच करायचो, आधी धूळ वाहून जाऊ द्यायची, मग घागर लावायची. तुला हे मी शिकवलेलं नाही. तुला बघताना मला अक्काच दिसत होती.

तीनला बाबाला उठवायचंय. तुझ्या सरीचे १८ लिटर धरून टाकीत २६० च्या आसपास पाणी असेल. सकाळी पट्टी बुडवून तूच बघ आणि लॉगबुकात लिही. कराडच्या मावशीनं दिलेल्या गुळाला दमट हवेनं पाणी सुटलंय, डबा शेगडीमागे आहे.

तुझी,
आई