मोळी बांधणाऱ्या मुलीचा फोटो आणि आईचा होकार

प्रश्न : मी हौशी छायाचित्रकार आहे. दोन वर्षांपूर्वी सांगली जिल्ह्यात ऊसतोड मजुरांच्या कोप्यांवर, म्हणजे झोपड्यांवर, फोटो काढले. त्यातल्या एकात अकरा वर्षांची मुलगी मोळी बांधते आहे. तिच्या आईला विचारलं होतं, ती 'काढा' म्हणाली. आता एका संस्थेला देणग्यांच्या पोस्टरसाठी तो हवा आहे. वडिलांना हे कळलं. बीडहून फोन करून ते 'छापू नका' म्हणाले. मी काय करू?

उत्तर : फोटो नोकरीचा भाग म्हणून किंवा कुणाकडून पैसे घेऊन काढलेला नसेल, तर १९५७च्या कायद्यानुसार कॉपीराइट तुमचाच. पण मुलीचा चेहरा हवा तिथे लावायचा हक्क त्यातून मिळत नाही. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली सांगितलं. तो कोपीत राहणाऱ्या मुलीलाही आहे.

आता त्या 'काढा'विषयी. तेव्हा मुकादम, म्हणजे मजुरांना तोडीवर आणणारा ठेकेदार, शेजारी उभा होता का? ज्या घराने मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतली आहे, ते त्याच्यासोबत आलेल्या पाहुण्याला सहसा नाही म्हणत नाही. शिवाय तो होकार फोटो काढण्यापुरता होता. लेकीचा चेहरा शहरातल्या चौकात, देणगीच्या आवाहनाखाली लागेल, हे त्या माउलीला कुणी सांगितलं होतं? मुलगी अल्पवयीन असल्याने संमती पालकांनीच द्यायची, आणि वडील तर स्पष्ट नाही म्हणताहेत. माझ्या मते विषय इथेच संपतो.

तरी आणखी एक धोका सांगतो. बालकामगार कायद्यातल्या २०१६च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालील मुलांना कामाला लावता येत नाही; शाळा सांभाळून घरच्या धंद्यात मदत करण्याची मुभा आहे, पण कारखान्याची तोड हा घरचा धंदा ठरेल असं मला वाटत नाही. पोस्टर पाहून कुणी १०९८ला, म्हणजे मुलांसाठीच्या हेल्पलाइनला, फोन केला आणि चौकशी सुरू झाली, तर बाल न्याय कायद्याचं कलम ७४ लागू शकतं. अशा मुलाचा फोटो किंवा ओळख छापल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

संस्थेला आजच लेखी नकार कळवा. फाइल पाठवली असेल, तर ती काढून टाकल्याचं लेखी घ्या. दुसरा फोटो द्यायचा तर चेहरा नको, आणि गावाचं नाव, शाळेचा गणवेश, ट्रॅक्टरचा नंबर दिसत नाही ना, तेही तपासा.

वडिलांना नोटीस वगैरे पाठवू नका, स्वतः फोन करा. जमल्यास गावी जाऊन त्या फोटोची एक प्रत आईच्या हातात द्या.