'बिटरशार्प' सफरचंद: कडू-तिखट की आंबटतुरट?

प्रश्न असा आहे: इंग्लंडमधल्या जुन्या फळबागांवरच्या एका लेखाचा अनुवाद करताना 'किंग्स्टन ब्लॅक' या सायडरच्या सफरचंदाला 'बिटरशार्प' म्हटलेलं आढळलं. कोश पाहून 'कडू-तिखट' लिहिलं, पण सफरचंद तिखट कसं असेल? नेमका शब्द कोणता?

शंका अगदी रास्त आहे. इथे 'आंबटतुरट' लिहावं.

किंग्स्टन ब्लॅक हे इंग्लंडमधल्या सॉमरसेट परगण्याचं वाण. टाँटनजवळच्या किंग्स्टन सेंट मेरी या गावावरून त्याला नाव मिळालं. फळ लहान, गडद लाल, काळपटाकडे झुकणारं. झाडाला फळ बेताचंच धरतं, वर कँकर रोगाचा त्रास. तरीही सायडर करणाऱ्यांनी ते सोडलं नाही. एरवी चांगल्या सायडरसाठी दोन-चार वाणांचे रस मिसळावे लागतात. किंग्स्टन ब्लॅकच्या एकट्या रसात आम्ल आणि टॅनिन यांचा मेळ मुळातच जमलेला असतो. (सायडर म्हणजे इंग्लंडमध्ये सफरचंदाचा रस आंबवून केलेलं मद्य. आपल्याकडे हा शब्द व्हिनेगरच्या बाटलीमुळे रुळला, म्हणून अनुवादात एकदा खुलासा जरूर करा.)

'बिटरशार्प' ही संज्ञा येते ती याच आम्ल-टॅनिनच्या हिशेबातून. ब्रिस्टलजवळच्या लाँग ॲश्टन इथे १९०३ मध्ये फळं आणि सायडर यांच्या अभ्यासासाठी संस्था निघाली. तिथल्या बार्कर यांनी सायडरच्या सफरचंदांचे चार गट पाडले: स्वीट, बिटरस्वीट, शार्प आणि बिटरशार्प. रसात ०.४५ टक्क्यांहून अधिक आम्ल असेल तर 'शार्प', ०.२ टक्क्यांहून अधिक टॅनिन असेल तर 'बिटर', दोन्ही असेल तर 'बिटरशार्प'. म्हणजे इथला 'शार्प' म्हणजे आंबट. आणि 'बिटर' म्हणजे टॅनिनची चव, जी जिभेला कोरडं करते, गालांना आतून ओढून धरते. या चवीला मराठीत तुरट म्हणतात, आणि इतका नेमका शब्द आपल्या रोजच्या बोलण्यात असताना 'कडू' कशाला लिहायचं? आवळा चावून पाहा. आंबटतुरट म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागणार नाही.

'तिखट' का चुकतं हेही बघण्यासारखं आहे. व्युत्पत्तीने तो 'शार्प'ला जवळचाच, कारण तो संस्कृत 'तीक्ष्ण' वरून आला. पण मराठीत तो मिरची-मिऱ्यांचा झाला. 'कडू'चा प्रवास तर आणखी वळणाचा. तो आला 'कटु' वरून, आणि आयुर्वेदाच्या सहा रसांत कटु म्हणजे तिखट! आपल्या कडूला तिथे 'तिक्त' म्हणतात आणि तुरटाला 'कषाय'. त्यामुळे संस्कृत वळणाचा प्रतिशब्द घडवायचा मोह झालाच, तर 'कटु' टाळा; 'अम्ल-कषाय' बरोबर होईल. मला मात्र तो लेखात जड वाटेल.

टॅनिन या शब्दातही तुरटपणाच दडलेला आहे. कातडी कमावण्याच्या 'टॅनिंग' वरून तो आला. सह्याद्रीतला हिरडा एकेकाळी विलायतेला जात असे तो याच कामासाठी, आणि हिरड्याची चव कुणी आधी कडू सांगणार नाही, तुरटच सांगेल.

एक अपवाद ठेवा. काही वाणांचं टॅनिन खरोखर कडवटही लागतं. मूळ लेखकाने कडवटपणा आणि तुरटपणा असा भेद स्वतःच केला असेल, तर तिथे 'कडवट' लिहायलाच हवं.

याच मापाने 'बिटरस्वीट'चं 'तुरटगोड' होईल. 'कडूगोड' आठवणींसाठी राहू द्या. डॅबिनेट हे प्रसिद्ध वाण या गटातलं. मात्र या गटांतलं 'गोड' म्हणजे साखर जास्त असं नव्हे. वर्गीकरणात साखर मोजलेलीच नाही. गोड म्हणजे फक्त आम्ल कमी. आंबट गटातल्या सफरचंदातही साखर भरपूर असू शकते, म्हणून 'अधिक साखरेचं' असा विस्तार करू नका.

लेखात पुढे 'व्हिंटेज' हा शब्द येण्याची बरीच शक्यता आहे. जुन्या मोटारींमुळे आपल्याला त्यात 'पुरातन' ऐकू येतं. सायडरच्या सफरचंदांबाबत तो रसाच्या प्रतीविषयी असतो: ज्याच्या रसाची सायडर उत्तम होते ते वाण, मग ते जुनं असो वा नवं. 'उत्तम रसाचं वाण' म्हटलं की काम होतं.

वाणांची नावं आहेत तशीच ठेवा. किंग्स्टन ब्लॅकचं 'काळं किंग्स्टन' नको, आणि 'चिझल जर्सी' हे वाण दिसलं तर जर्सी नावाच्या बेटाची तळटीप देऊ नका. सॉमरसेटमध्ये 'जर्सी' म्हणजे तुरटगोड सफरचंदच.