हवामान बदल खरंच माणसामुळे होतोय का? शास्त्रज्ञांनाच खात्री नाही म्हणतात, ते खरं का?

माणसामुळेच होतोय, आणि त्याबद्दल खात्री आहे. ‘शास्त्रज्ञांनाच खात्री नाही’ हे मी 2014 च्या मार्चमध्ये आमच्या ओट्यावर ऐकलं होतं, म्हणून लिहायला बसले.

निफाड तालुक्यात आमची द्राक्षबाग होती. माल काढणीला आलेला, व्यापाऱ्याशी भाव ठरलेला, आणि गारपिटीने अर्ध्या तासात बाग झोडपली. मणी फुटले, मांडवाखाली रसाचा चिखल, दोन दिवसांत सगळीकडे आंबूस वास. मी तेव्हा एम.एस्सी. करत होते. चुलत्यांना म्हणाले, “तात्या, ही माणसाच्या धुराची करणी.” तात्या म्हणाले, “सूर्याचा फेरा असतो पोरी. तुमच्या शास्त्रज्ञांनाच खात्री नाही.” चार माणसांसमोर मी गप्प बसले. ते अजून सलतं.

सूर्य जास्त तापला असता तर हवा वरपासून खालपर्यंत तापली असती. प्रत्यक्षात जमिनीलगतची हवा तापतेय आणि स्ट्रॅटोस्फिअर हा हवेचा वरचा थर थंड होतोय. कार्बन डायऑक्साइड वाढल्यावर नेमकं हेच व्हायला हवं. शिवाय 1978 पासून उपग्रह सूर्याची ऊर्जा मोजताहेत. अकरा वर्षांचा चढउतार सोडला तर तिच्यात वाढ नाही.

हा वायू आला कुठून, तर कोळसा-तेलातून. कार्बन-14 हा कार्बनचा काळाबरोबर आपोआप संपत जाणारा किरणोत्सारी प्रकार; कोळसा-तेलातला कार्बन इतका जुना की त्यात तो उरलेलाच नसतो. अणुचाचण्यांनी हवेत कार्बन-14 वाढवून हिशेब बिघडवण्याआधीच, 1955 मध्ये, रसायनशास्त्रज्ञ हान्स स्यूस यांनी नव्या लाकडात कार्बन-14 घटल्याचं दाखवलं, म्हणजे झाडं घेत होती त्या हवेत हा जुना कार्बन मिसळत होता. अमेरिकेच्या हवाई बेटांवरच्या मौना लोआ डोंगरावर 1958 मध्ये मोजणी सुरू झाली तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे 315 भाग होते, आज 420 च्या वर आहेत. ज्वालामुखींचं नाव घेऊ नका, माणूस जितका सोडतो त्याच्या एक टक्काही ते सोडत नाहीत.

आता अनिश्चितता. वायू दुप्पट झाला तर पृथ्वी किती तापेल? 1979 चा अंदाज 1.5 ते 4.5 अंश, आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान-शास्त्रज्ञांच्या मंडळाचा 2021 चा 2.5 ते 4. घोडं अडतं ते मुख्यतः ढगांपाशी: काही ढग ऊन परतवतात, काही उष्णता धरून ठेवतात. म्हणजे प्रश्न ‘किती’ हा आहे, ‘कोणामुळे’ हा नाही. तुमच्या घरात कोणी सूर्याचं नाव काढलं तर गप्प बसू नका, वरचा थर थंड का होतोय ते विचारा.

एक मात्र कबूल करते. एकट्या गारपिटीवर बोट ठेवून ‘ही हवामान बदलामुळेच’ असं म्हणता येत नाही. तेवढं तात्यांचं बरोबर होतं. सूर्याचं नव्हतं.