पोटोरू की नेचा: वाचवायला सोपं कोण?

माझ्या मते नेचा. पश्चिम ऑस्ट्रेलियातला गिल्बर्टचा पोटोरू हा किलोभर वजनाचा पिशवीवाला प्राणी संपला असंच धरलं होतं. १९९४ मध्ये तो पुन्हा सापडला. जमिनीखालची बुरशी उकरून खातो, आणि मादीच्या पिशवीत एका वेळी एकच पिल्लू! २०१५ च्या वणव्यात त्याचा बहुतेक अधिवास जळाला. काही पोटोरू आधीच बाल्ड बेटावर नेऊन ठेवले होते, म्हणून निभावलं.

दक्षिण अटलांटिक महासागरातल्या असेन्शन बेटावरचा पार्स्ली नेचा २००३ मध्ये नामशेष जाहीर झाला होता. २००९ मध्ये ग्रीन माउंटनच्या उतारावर त्याची चार रोपं दिसली. बीजाणू तातडीने लंडनच्या क्यू उद्यानात नेले आणि प्रयोगशाळेत नवी रोपं तयार झाली. पोटोरूला ही सोय नाही. असेन्शनवर मात्र बाहेरून आलेल्या नेच्यांची दाटी अजून आहेच.