गाय हसत नाहीये, हा तुमचा दोष नाही

तुमची पोस्ट वाचली आणि पोटात गोळाच आला. पशुखाद्याची ३० सेकंदांची जाहिरात, संगणकावर बनवलेली पण खरीखुरी दिसणारी गाय मालकाशी बोलते, आठ वेळा बदल करून झाले आणि तरी जाहिरात एजन्सीचं एकच पालुपद: "अजून हसरी करा, अजून माणसासारखी." बारा वर्षांपूर्वी माझ्याकडे गायीऐवजी म्हैस होती. बाकी सगळं हेच.

रिग (मॉडेल हलवणारा आतला सांगाडा), केस, लायटिंग यावर काही सांगत नाही. तुम्ही टाकलेल्या फ्रेम बघितल्या, ते तुम्हाला छान येतंय. मी बोलणार ते तोंड आणि डोळे एवढ्याचबद्दल, कारण माझे पैसे तिथेच बुडाले.

गायी-म्हशींना वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. खाली आठ, वर नुसती टणक हिरडी. हे मला तेव्हाही माहीत होतं. पण एजन्सीकडून एका मॉडेलच्या हसण्याचा फोटो आला, दातांच्या दोन्ही ओळी चमकणारा, आणि मीटिंगमध्ये ठरलं की म्हैस अशी हसेल. मी एकदा नको म्हटलं, दुसऱ्यांदा म्हटलं नाही. वरचे दात बसवले, त्यांच्यावर तोंडाचे ३४ आकार बांधले, ॲनिमेशन केलं, रेंडर लावलं, म्हणजे संगणकाला एकेक फ्रेम अंतिम चित्र म्हणून काढायला लावलं. आपल्याकडे टीव्हीला सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे ७५० फ्रेम. एका फ्रेमला ४० मिनिटं धरली तरी ५०० तास. दहा मशीन दोन दिवसांहून जास्त अखंड चालली.

मग क्लायंटने ती जाहिरात पंढरपूरकडच्या दूध उत्पादकांना दाखवली. पहिल्या रांगेतले एक आजोबा म्हणाले, "ही म्हैस न्हाई." एवढंच. बाजारात जनावर घेताना जो माणूस जबडा उघडून दुसा की चौसा (दोन दाती की चार दाती) ते सांगतो, त्याला तुम्ही तोंडाच्या बाबतीत फसवू शकत नाही. त्यांच्या मागच्या बाईंनी विचारलं, "बुजलीया व्हय ती? कुणी मारलंय का?" कारण नजर कुठे आहे ते कळावं म्हणून मी माणसासारखं डोळ्यांचं पांढरं दाखवलं होतं. गोठ्यात ते पांढरं दिसतं ते जनावर घाबरलेलं असतं तेव्हा. आम्ही घाबरलेली म्हैस दाखवून पेंड विकत होतो.

सगळे आकार फेकून द्यावे लागले. खर्च कुणी द्यायचा? होकार फोनवर मिळालेला. फोटो त्यांनीच पाठवलेला, पण त्याखाली 'असं करा' अशी एक ओळ नव्हती. त्या एजन्सीचं नाव घेत नाही. मीटिंगला बसलेला माणूस तोवर नोकरी सोडून गेला होता. अकाउंट्सवाले म्हणायचे क्रिएटिव्हला विचारा, क्रिएटिव्हवाले म्हणायचे क्लायंटशी बोलणाऱ्या मॅडमना विचारा, आणि मॅडम म्हणायच्या, "दात तर तुम्हीच बसवलेत ना?" सात महिने फेऱ्या मारल्या. दोन ज्युनिअर मुलांचे पगार मी माझी एफडी मोडून दिले. हे लिहिताना आजही हात थरथरतो.

म्हणून सांगते, आज काम थांबवा. एक स्थिर चेहरा करा, तीन अवस्थांत: शांत, खूश, बोलताना. दात, डोळ्यांचं पांढरं, भुवया, सगळं त्यात दिसू द्या. रोज धार काढणाऱ्या चार लोकांना तो दाखवा. मग एजन्सीला मेल करा: चेहरा हाच अंतिम, यापुढचा बदल सशुल्क. उत्तर लेखी आल्याशिवाय चेहऱ्याच्या ॲनिमेशनची एकही की-फ्रेम टाकू नका. असं केल्याने काम हातचं जाईल अशी भीती वाटते, मलाही वाटायची. माझ्या बाबतीत तरी तसं झालेलं नाही, पण तुमचा क्लायंट कसा आहे ते तुम्हीच जाणता.

आता 'माणसासारखी' म्हणजे काय? माझं ठाम मत आहे की जनावरात माणूस दिसतो तो ओठांमुळे नाही, थांबण्यामुळे. ती जाहिरात पुन्हा केली तेव्हा आमची म्हैस रवंथ करत होती. मालक काहीतरी भलतंच बोलतो. तिचं तोंड थांबतं. साधारण एक सेकंद काहीच नाही. एक कान मागे जातो. मग रवंथ पुन्हा सुरू. लोक तिथेच हसले. १९९३ च्या कोका-कोलाच्या जाहिरातीतली पांढरी अस्वलंही एक शब्द बोलत नाहीत, नुसती बसून आकाशातला उजेड बघतात.

एजन्सीवाले संदर्भ म्हणून हमखास कुत्र्यांचे व्हिडिओ पाठवतात. कुत्र्याला भुवईची आतली बाजू उचलणारा एक स्नायू असतो, लांडग्यात तो जवळपास नसतो. २०१९ मध्ये त्यावर संशोधन आलंय, मीटिंगमध्ये सांगायला उपयोगी पडतं. इतक्या जवळच्या दोन प्राण्यांत एवढा फरक असेल, तर कुत्र्याचा चेहरा गायीवर कसा बसणार?

लिपसिंकमध्ये, म्हणजे आवाजाशी ओठ जुळवताना, प्रत्येक अक्षराच्या मागे लागू नका. प, फ, ब, भ, म ला ओठ मिटले पाहिजेत, आ ला जबडा उघडला पाहिजे. ट, ण, ळ आत जिभेवर घडतात, बाहेरून दिसत नाहीत. एवढं रुंद तोंड मिटायला वेळ लागतो, म्हणून दोन-तीन फ्रेम आधी सुरुवात करा. आणि आवाज शेवटचा आहे ना, हे विचारून घ्या. हिंदीवर करून नंतर मराठी डब करणार असतील तर सगळे प-ब-म चुकतील.

खरी गाय शूट करून फक्त तोंडाचा भाग संगणकावर बदलणं हाही मार्ग आहे. १९९५ च्या 'बेब' या बोलक्या डुकराच्या चित्रपटात तसं केलं होतं. पण खऱ्या जनावराचं शूटिंग करायला, प्राण्यांकडून काम करून घेण्याबाबतच्या २००१ च्या नियमांप्रमाणे, आधी परवानगी लागते. मी वकील नाही, सध्या काय लागू आहे ते प्रॉडक्शनकडून तपासून घ्या.

एक राहिलं. तुमच्या दुसऱ्या शॉटमध्ये गाय पुढचे पाय आधी रोवून उठतेय. तसा घोडा उठतो. गाय मागून उठते, पुढचे गुडघे काही क्षण जमिनीवरच असतात. शिवाय तुमच्या मॉडेलला वशिंड नाही आणि गळ्याखालची पोळीही (लोंबती कातडी) नाही, बहुधा विकतचं परदेशी मॉडेल असावं. मेलचं उत्तर येईपर्यंत हे दुरुस्त करून ठेवा, त्यासाठी कुणाच्या होकाराची गरज नाही.